पीअर्सचं ‘ट्रॅव्हलिंग-वेव्ह ट्यूब्ज’ : सूत्र पाठ करण्याआधी हे वाचा

मायक्रोवेव्हचा पेपर दिलेल्या बहुतेकांना हे सूत्र ओळखीचं असतं:

गेन (डेसिबलमध्ये) = −९.५४ + ४७.३ × सी × एन

सी आणि एनच्या किमती टाकायच्या, आकडेमोड करायची, उत्तराभोवती चौकट. झालं. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण तुम्ही पीएच.डी.चा विचार करत असाल, मग विषय मायक्रोवेव्ह ट्यूबचा असो वा दुसरा कुठलाही, तर हे सूत्र ज्या पुस्तकामुळे आपल्यापर्यंत आलं ते एकदा तरी उघडून बघा. जॉन आर. पीअर्स यांचं ‘ट्रॅव्हलिंग-वेव्ह ट्यूब्ज’, १९५० सालचं.

आजची पोस्ट म्हणजे त्या पुस्तकाचं परीक्षण. माझं मत आधीच सांगून टाकते. पुस्तक पहिल्या दर्जाचं आहे, कारण हिशेब सोपा करण्यासाठी काय काय सोडून दिलं ते लेखक जागोजागी सांगत जातो. आपण त्यातून उचललेलं एका ओळीचं सूत्र मात्र जपून वापरायला हवं, कारण सोडून दिलेल्या गोष्टींची यादी वाटेत कुठेतरी गळून पडली आहे. पुस्तकातल्याही काही गोष्टी खटकतात. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी ट्यूब समजून घेऊ

निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांचा बीम सोडायचा, त्याची ऊर्जा काढून घ्यायची आणि ती रेडिओ किंवा मायक्रोवेव्ह तरंगाला द्यायची, हे या सगळ्या कुटुंबाचं काम. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन याच कुटुंबातला, अ‍ॅक्सिलरेटरना लागणारा क्लायस्ट्रॉनही. ट्रॅव्हलिंग-वेव्ह ट्यूब, म्हणजे आपली टीडब्ल्यूटी, त्यांची धाकटी भावंडं.

आपण एक कागदी ट्यूब घेऊ. आकडे मी सोयीचे निवडलेत, पण अवास्तव नाहीत. बीमचा व्होल्टेज २५०० व्होल्ट, करंट २० मिलिअँपिअर. एवढ्या व्होल्टेजला इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या साधारण एक दशांश होतो. आता तरंगालाही याच वेगाने चालवायचं, म्हणजे दोघं बराच वेळ बरोबर राहतील. पण तरंग तर प्रकाशाच्या वेगाने पळतो. मग त्याला स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या तारेवरून, हेलिक्सवरून पाठवायचं. तारेवरून तो पळतो जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने, पण त्याला गोल गोल फिरावं लागतं. एका वेढ्यातली तार एक सेंटिमीटर आणि दोन वेढ्यांमधलं अंतर एक मिलिमीटर असेल, तर पुढे सरकण्याचा त्याचा वेग दहापट कमी. घाटातल्या वळणांवरून जाणाऱ्या एसटीसारखं आहे हे: चाकं जोरात फिरतात, पण गाव हळूहळू जवळ येतं.

वारंवारता ३ गिगाहर्ट्झ धरली तर हेलिक्सवर या तरंगाची तरंगलांबी सुमारे एक सेंटिमीटर येते. ट्यूब २० सेंटिमीटर लांब असेल तर तिच्यात २० तरंगलांब्या मावतात. सूत्रातला एन म्हणजे हाच आकडा.

क्लायस्ट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉनची तरंगाशी भेट फक्त अरुंद फटींमध्ये होते. शिवाय तिथे रेझोनेटर असतो, त्यामुळे चालणाऱ्या वारंवारतांचा पट्टाही अरुंद. टीडब्ल्यूटीमध्ये भेट सगळ्या लांबीभर चालू राहते आणि रेझोनेटर नसल्यामुळे पट्टा खूप रुंद मिळतो. १९६२ च्या टेलस्टार उपग्रहात बाकी सगळं इलेक्ट्रॉनिक्स अर्धवाहकांचं होतं, निर्वात नळी फक्त एक, आणि ती टीडब्ल्यूटी. व्हॉयेजर यानं एक्स-बँडमध्ये पृथ्वीशी बोलतात तीही टीडब्ल्यूटीच्याच जोरावर.

पुस्तकामागची दोन माणसं

ही ट्यूब पीअर्सची नाही. ती रुडॉल्फ कॉम्फनर यांची, आणि पीअर्स त्यांना ते श्रेय मोकळेपणाने देतात. कॉम्फनर व्हिएन्नात आर्किटेक्ट झालेले. १९३४ मध्ये इंग्लंडला आले. युद्ध सुरू झाल्यावर परकी नागरिक म्हणून काही काळ नजरकैदेत राहिले आणि सुटल्यावर बर्मिंगहॅम विद्यापीठात नौदलासाठीच्या संशोधनात लागले. क्लायस्ट्रॉनचा नॉइज कमी कसा करायचा या प्रश्नाशी झगडताना त्यांना ही कल्पना सुचली आणि १९४३ मध्ये त्यांची ट्यूब चालली. त्याआधीही अशा रचनांची पेटंटं होती. आरसीए कंपनीतल्या लिंडेनब्लाड यांनी १९४० मध्ये हेलिक्सची रचना पेटंटसाठी मांडली होती. पण कॉम्फनर तिथपर्यंत स्वतःच्या वाटेने पोचले.

युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात अमेरिकेच्या बेल लॅब्जमधल्या पीअर्सना इंग्लंडमध्ये या ट्यूबची माहिती मिळाली. त्यांनी तिच्यामागचं गणित मांडलं, १९४७ मध्ये शोधनिबंध लिहिले आणि १९५० मध्ये हे पुस्तक आलं. त्याच वर्षी ‘बेल सिस्टम टेक्निकल जर्नल’च्या अंकांतही हा मजकूर भागाभागाने छापला गेला. १९५१ मध्ये कॉम्फनरही बेल लॅब्जमध्ये आले.

हा इतिहास एका कारणासाठी सांगितला. ट्यूब आधी चालली, पूर्ण सिद्धांत नंतर आला. पुस्तक वाचताना क्रम उलटा वाटतो: समीकरण, मग तरंग, मग गेन, मग ट्यूब. पाठ्यपुस्तकांना तसं लिहावंच लागतं. पण तुम्ही संशोधनात शिरताना या क्रमावर विश्वास ठेवलात, तर ‘आधी सगळं गणित पक्कं करू, मग प्रयोगाला हात लावू’ असं म्हणत पहिलं वर्ष सहज निघून जातं. त्यावर उतारा म्हणून कॉम्फनर यांचं १९६४ चं छोटं पुस्तक, ‘द इन्व्हेन्शन ऑफ द ट्रॅव्हलिंग-वेव्ह ट्यूब’, जरूर वाचा.

पुस्तकाची खरी ताकद

दुसऱ्या प्रकरणात पीअर्स अगदी थोडक्यात सगळा डाव मांडतात. पहिला प्रश्न: बीममधल्या करंटमध्ये चढउतार असतील तर हेलिक्सवर व्होल्टेज किती तयार होईल? दुसरा: हेलिक्सवर व्होल्टेज असेल तर बीममध्ये चढउतार किती होतील? दोन्हींची उत्तरं एकमेकांत घातली की एक त्रिघाती समीकरण उरतं. त्याला तीन मुळं, म्हणून तीन तरंग.

पहिला तरंग वाढत जातो. दुसरा विरत जातो. तिसरा आहे तेवढाच राहतो. वाढणारा तरंग इलेक्ट्रॉनांपेक्षा किंचित हळू चालतो, आणि भौतिकशास्त्र खरं तर इथेच आहे. इलेक्ट्रॉन तरंगाच्या थोडे पुढे सरकत राहतात, त्यांचे पुंजके नेमके अशा जागी जमतात जिथे विद्युत क्षेत्र त्यांना मागे ओढतं, इलेक्ट्रॉन मंदावतात आणि त्यांनी गमावलेली ऊर्जा तरंगाला मिळते. समीकरणाच्या मुळातली एक छोटी संज्ञा एवढी गोष्ट सांगून जाते. हे पान पेन्सिल घेऊनच वाचायचं.

या सगळ्याला चालवणारा आकडा म्हणजे सी. त्याचा घन म्हणजे हेलिक्सचा इम्पीडन्स गुणिले बीमचा करंट, भागिले व्होल्टेजची चौपट. आपल्या कागदी ट्यूबचा इम्पीडन्स ५० ओहम धरा. ५० गुणिले ०.०२ म्हणजे १, भागिले १०,०००. घनमूळ काढलं की सी येतो ०.०४६. छोटा आहे, आणि तो छोटा आहे हे गृहीत धरूनच पुढचं सगळं गणित उभं आहे.

मला या पुस्तकात सगळ्यात आवडतं ते हे. पीअर्स आधी सगळ्यात सोपी ट्यूब घेतात: हेलिक्समध्ये ऊर्जेचा नाश नाही, इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत नाहीत, बीम आणि तरंगाचा वेग तंतोतंत सारखा. तिचं उत्तर काढून झालं की एकेक सोडलेली गोष्ट परत आणतात. वेगातला फरक, हेलिक्समधला नाश, इलेक्ट्रॉनांचं परस्पर ढकलणं, प्रत्येकाला वेगळं चिन्ह आणि त्याचे आलेख. आठव्या प्रकरणात हे आलेख ओळीने येतात. गेनचं सूत्रही तिथे व्यापक होतं. ४७.३ च्या जागी एक अक्षर बसतं आणि त्याची किंमत परिस्थितीनुसार बदलते. म्हणजे आपण पाठ करतो तो ४७.३ हा आकडा त्या आलेखांवरचा एक ठिपका आहे. आपल्या अभ्यासक्रमांनी ठिपका उचलला आणि आलेख मागे ठेवला.

उणे ९.५४ म्हणजे नुकसान नव्हे

या आकड्याला बऱ्याच नोट्समध्ये ‘सुरुवातीचं नुकसान’ म्हणतात. नाव ऐकून वाटतं की ट्यूबच्या तोंडाशी शक्ती कुठेतरी जळून जाते. तसं काही होत नाही. आत येणाऱ्या सिग्नलचा व्होल्टेज तीन तरंगांत समान वाटला जातो, प्रत्येकाला एक तृतीयांश. एक तृतीयांशाचे डेसिबल काढा: −९.५४. सूत्र फक्त वाढणाऱ्या तरंगाचा हिशेब ठेवतं, बाकी दोन सोडून देतं.

आता एक चाचणी करा. सूत्रात एन शून्य टाका. म्हणजे ट्यूबच नाही, सिग्नल आत आला आणि तसाच बाहेर गेला. गेन शून्य डेसिबल यायला हवा. सूत्र सांगतं −९.५४. सी गुणिले एन ०.१ घ्या. सूत्र सांगतं −४.८, आणि तिन्ही तरंगांची बेरीज केली तर उत्तर येतं जवळजवळ शून्य. कारण पहिल्या टप्प्यात तरंग फारसा वाढतच नाही, तो इलेक्ट्रॉनांचे पुंजके जमवण्यात गुंतलेला असतो. सी गुणिले एन १ च्या जवळ गेलं की मात्र बाकीचे दोन तरंग नगण्य होतात आणि सूत्र चोख उत्तर देतं.

तिन्ही तरंगांची बेरीज संगणकावर दहा ओळींत होते. स्वतः करा. सूत्र कुठे चालतं आणि कुठे नाही याची रेघ स्वतःच्या आलेखावर दिसली की ती विसरत नाही.

जिथे सूत्र ऊर्जा कुठून येते ते विचारत नाही

आता खरी गंभीर गोष्ट. आपल्या ट्यूबचा सी ०.०४६ आणि एन २०. गेन येतो ३४.४ डेसिबल, म्हणजे शक्ती साधारण २७०० पट.

०.१ मिलिवॅट आत घाला, बाहेर ०.२७ वॅट. ठीक आहे. २० मिलिवॅट घाला, सूत्र म्हणतं ५४ वॅट. १०० मिलिवॅट घाला, २७० वॅट.

पण बीमची एकूण शक्ती किती? २५०० व्होल्ट गुणिले ०.०२ अँपिअर. ५० वॅट. सूत्र आपल्याला ५० वॅटच्या बीममधून २७० वॅट काढून देतंय, आणि तेही कुठलीही कुरकुर न करता. सगळं गणित ‘सिग्नल लहान आहे’ या एका गृहीतकावर बांधलंय, आणि सिग्नल कधी मोठा झाला ते ओळखायची सोय त्यात नाही.

पीअर्सना हे पक्कं माहीत होतं. बाराव्या प्रकरणात ते आउटपुटच्या शक्तीचा वेगळा विचार करतात आणि कार्यक्षमता सी च्या प्रमाणात वाढते असा अंदाज बांधतात. ढोबळमानाने ती सी च्या दुप्पट धरली, तर आपली ट्यूब नऊ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेचार वॅटला अडकेल. तिथे सॅच्युरेशन. म्हणजे एक मिलिवॅट आत घालून २.७ वॅटची अपेक्षा ठेवतानाच तुम्ही मर्यादेच्या जवळ पोचलेले असता. हे प्रकरण पुस्तकातलं सगळ्यात हात राखून लिहिलेलं आहे, आणि तसं असणं योग्यच होतं. पुंजक्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना ओलांडून पुढे जायला लागले की सरळ समीकरणं संपतात, प्रत्येक इलेक्ट्रॉनचा माग आकड्यांनी काढावा लागतो. आर्नल्ड नॉर्डसीक यांनी १९५३ च्या शोधनिबंधात तशी गणनं मांडली आणि पुढे तो स्वतंत्र विषय झाला.

हे तुमच्यासाठी का महत्त्वाचं? समजा तुम्ही एका नव्या हेलिक्सचं सिम्युलेशन केलंत. कमी इनपुटला उत्तर पीअर्सच्या सूत्राशी जुळलं. प्रबंधात वाक्य लिहिलंत: ‘सिम्युलेशनची सिद्धांताशी पडताळणी झाली.’ मग त्याच सिम्युलेशनवरून जास्तीत जास्त शक्तीचा दावा केलात. परीक्षक तिथेच थांबवणार, आणि बरोबर थांबवणार. पडताळणी झाली ती लहान सिग्नलची. दावा आहे मोठ्या सिग्नलचा. दोहोंच्या मध्ये कुठलाही पूल नाही. असं कुठल्याही विषयात होऊ शकतं: ज्या पट्ट्यात पडताळणी केली त्याच्या बाहेरचा निष्कर्ष.

पुस्तकात काय खटकतं

एक, बीम आयता येतो. कॅथोड, इलेक्ट्रॉन गन, बीमला पसरू न देणारं चुंबकीय क्षेत्र, या गोष्टींवर पीअर्सनी १९४९ मध्ये वेगळं पुस्तक लिहिलं, ‘थिअरी अँड डिझाइन ऑफ इलेक्ट्रॉन बीम्स’. विभागणी समजण्यासारखी आहे. पण फक्त हे एकच पुस्तक वाचणाऱ्याला वाटेल की ट्यूब म्हणजे हेलिक्स आणि बाकी किरकोळ. प्रत्यक्षात बीम थोडा जरी हेलिक्सवर घसरला तरी ती बारीक तार तापते, आणि मग गेनचं सूत्र कुणाच्या कामाचं नाही.

दोन, चिन्हं. इलेक्ट्रॉनांच्या परस्पर ढकलण्यासाठी पीअर्स ‘क्यूसी’ वापरतात. आपण रेझोनेटरच्या क्यूवर वाढलेलो. साहजिकच नव्या वाचकाला हा तोच क्यू वाटतो. तसा तो नाही. इथे क्यू आणि सी चा गुणाकार हीच एक राशी समजून वाचा, नाहीतर दोन दिवस फुकट जातील.

तीन, आणि ही तक्रार थोडी मोठी आहे. सोप्या ट्यूबचं उत्तर दुसऱ्याच प्रकरणात इतकं देखणं आणि आटोपशीर येतं की वाचक तिथेच समाधानी होतो. इशारे पुढे आहेत, आठव्या, नवव्या, बाराव्या प्रकरणांत, पण तिथवर जाण्याची निकड दुसरं प्रकरण निर्माण करत नाही. एखादं वर केलंय तसं उदाहरण, बीमपेक्षा जास्त शक्ती देणारं, तिथेच घातलं असतं तर पुढच्या पिढ्यांनी सूत्र एवढ्या बिनधास्तपणे उचललं नसतं. दोष वाचकांचाही आहेच. पण इतकं चांगलं शिकवणाऱ्या लेखकाकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

मग कसं वाचायचं?

सगळं पुस्तक सलग वाचू नका. दुसरं प्रकरण आधी, पेन्सिल घेऊन, आणि वाचताना समासात यादी करा: ‘इथे काय सोडलं?’ माझ्या प्रतीत ही यादी सात गोष्टींची झाली. मग तिसऱ्यातून हेलिक्स समजून घ्या. त्यानंतर थेट आठवं आणि नववं. आठव्यात तुमच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी परत येताना दिसतील. नवव्यात तीन वाटे कसे पडतात आणि हेलिक्स मध्येच तोडली तर काय होतं ते कळेल. खऱ्या ट्यूबमध्ये मधे मुद्दाम अडथळा घालावाच लागतो, नाहीतर टोकाशी परावर्तित झालेला तरंग मागे येऊन अ‍ॅम्प्लिफायरचा ऑसिलेटर करून टाकतो. शेवटी बारावं. मधली प्रकरणं गरज पडेल तेव्हा.

यादीतली जी गोष्ट पुस्तक संपेपर्यंत परत आली नाही, तिच्यावर खूण करून ठेवा. त्यावर नंतरच्या लोकांनी काय केलं ते शोधा. संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा अशाच एखाद्या खुणेपाशी सापडतो.

पिलानीची सीरी किंवा बेंगळुरूचं एमटीआरडीसी अशा ठिकाणी मायक्रोवेव्ह ट्यूबवरच काम चालतं, तिकडे जायचं असेल तर हे पुस्तक टाळून चालणार नाही. विषय दुसरा असेल तर तुमच्या विषयातलं असं एखादं सूत्र निवडा जे सगळेच वापरतात, आणि ते ज्या मूळ लेखात पहिल्यांदा आलं तो लेख शोधून काढा. मग त्या सूत्रात एन शून्य टाकल्यासारखी एक साधी, टोकाची किंमत घाला आणि काय होतं ते बघा. कुणाला काही मजेशीर सापडलं तर खाली लिहा.